कांचेची जाडी आणि न ऐकूं येणारा ध्वनि

कुंभाराच्या आळींत माठ घ्यावयास गेलेली बाई तो प्रथम उलटासुलटा करून पाहते, मग बोटाच्या पेरानें त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर माठ घरीं येतो. बद्द आला तर तो कितीहि सुबक असला तरी परत ठेवला जातो. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी, नारळ, कलिंगड या सर्वांची परीक्षा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच होत आली आहे. जें डोळ्याला दिसत नाहीं तें कानाला कळतें, आणि तें कळण्यासाठीं वस्तु फोडावी लागत नाहीं, हें शहाणपण या टिचकींत सांठविलेलें आहे. आजच्या मोठमोठ्या कांचकारखान्यांत याच शहाणपणाला पदार्थविज्ञानाची जोड मिळून मापनाची एक नवी रीति रूढ झाली आहे. तिची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असें योजून हा लेख लिहीत आहों.

कांच ही पारदर्शक वस्तु. जिच्या आरपार दिसतें तिचे दोष लपून कसे राहतील, असें कोणासहि वाटेल. परंतु वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. कांचेंतून बाहेर येतांना प्रकाशाचे किरण वांकतात, आणि त्यामुळें कांचेच्या आंतील पोकळी असेल त्याहून मोठी दिसते. ताप मोजावयाच्या नळींतील पाऱ्याची रेघ केसासारखी बारीक असते. पण नळीच्या गोलाईमुळें ती चांगली ठळक दिसते. जाड भिंतीच्या लहानशा कुपींतील अत्तर कडेपर्यंत भरल्यासारखें भासतें, हें अत्तरवाल्याला पुरतें ठाऊक असतें. म्हणजे बाटलीची भिंत किती जाड आहे हें विचारावयाचें झाल्यास डोळा हा अगदींच बेभरंवशाचा साक्षीदार होय.

जाडी कां मोजावयाची?

जाडीची एवढी उठाठेव कशाला, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर देण्यापूर्वी बाटली कशी तयार होते तें पाहूं.

पूर्वी कारागीर लोखंडी फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या कांचेचा गोळा घेई, ती नळी सारखी फिरवीत राही, आणि फुंकर कमीजास्त करून गोळ्याची भिंत सर्व बाजूंनीं सारखी राखी. गोळा कोणत्या बाजूस झुकतो, कोठें अधिक लाल आहे, हें त्याच्या सरावलेल्या नजरेला कळत असे. १९०८ सालीं पैसाफंडाच्या द्रव्यावर तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एक एक पैसा मागून हा फंड उभारला होता आणि लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. पुढें १९१६ सालीं ओगले यांनीं कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला व त्यांचे 'प्रभाकर' कंदील घरोघर गेले. अशा प्रयत्नांतून कांचकामाची विद्या महाराष्ट्रांत रुजली, आणि त्या काळीं जाडीचें माप म्हणजे कारागिराचा हात, श्वास आणि डोळा हेंच होतें.

यंत्र आलें तेव्हां हा हात गेला. अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें १९०३ च्या सुमारास बाटल्या आपोआप तयार करणारें यंत्र यशस्वी केलें. आज वाळू, सोडा आणि चुनखडी यांचें मिश्रण सुमारें १,५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत वितळवितात; त्या रसाचा एकेक गोळा कातरून सांच्यांत पडतो; आणि दाबलेल्या हवेनें किंवा दट्ट्यानें त्यास आकार मिळतो. हें सर्व कांहीं सेकंदांत घडतें. बाटलीचा बाहेरचा आकार लोखंडी सांचा ठरवितो, म्हणून प्रत्येक बाटली बाहेरून सारखी दिसते. आंतील पोकळी मात्र हवेच्या स्वाधीन असते. गोळ्याची एक बाजू किंचित् थंड असली तर ती घट्ट राहून कमी ताणली जाते. ऊन बाजू पातळ असल्यामुळें अधिक ताणली जाते. परिणामीं एकाच बाटलीची एक बाजू ४ मिलिमीटर जाड आणि दुसरी दीड मिलिमीटर, असेंहि होऊं शकतें. बाहेरून पाहणाराला त्याची दाद लागत नाहीं.

आतां त्या बाटलींत सोडावॉटर भरलें असें समजा. आंतील वायूचा दाब बाहेरील हवेच्या चार पट, आणि उन्हाळ्यांत त्याहून अधिक, असूं शकतो. गोल भांड्याच्या भिंतीवर पडणारा ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकारास जाडीनें भागून निघतो. म्हणजे दाब आणि त्रिज्या तींच राहून भिंत एक-तृतीयांश झाली कीं ताण तिप्पट होतो. धातु अशा ताणाखालीं थोडा वांकतो, पोंचा येतो, आणि धन्याला सूचना देतो. कांच कसलीहि सूचना देत नाहीं. ती असते तोंवर अखंड असते आणि जाते तेव्हां एकदम जाते. बाटली उघडणाऱ्या हाताला किंवा जवळ खेळणाऱ्या मुलाच्या डोळ्याला त्याचें प्रायश्चित्त भोगावें लागतें. सलाइनची बाटली, रक्त ठेवण्याची नळी, लशीची कुपी यांची गोष्ट तर याहूनहि नाजूक. तेथें नुसता बारीक तडा गेला तरी आंतील औषधाची शुद्धता संपली.

जाड म्हणजे मजबूत काय?

मग सर्वच कांच जाड कां करूं नये? या प्रश्नाचें उत्तर स्वयंपाकघरांत मिळतें. जाड बुडाच्या पेल्यांत उकळता चहा ओतला तर पेला तडकतो. पातळ पेला पुष्कळदां टिकतो. कांच उष्णता सावकाश वाहून नेते. जाड पेल्याची आंतली बाजू तापून फुगूं पाहते, तेव्हां बाहेरची बाजू थंडच असते, आणि या ओढाताणींत कांच फाटते. पातळ पेल्याच्या दोन्ही बाजू लवकरच सारख्या तापतात. कंदिलाची कांच पातळ असते ती यासाठींच. तिच्यांत एखादी जागा जाड राहिली तर ती पहिल्याच थंड वाऱ्याच्या झुळुकेनें तडकावयाची.

यावरून एक महत्त्वाचा सिद्धांत निघतो. कांचेच्या भांड्याचा गुण तिच्या जाडींत जितका नाहीं तितका त्या जाडीच्या सारखेपणांत आहे. जाडीचा खर्चहि आहेच. जितकी कांच अधिक, तितकें इंधन अधिक आणि वाहतुकीचें ओझें अधिक. म्हणून कामापुरती पातळ, परंतु सर्वत्र सारखी, अशी बाटली काढणें हें कारखानदाराचें ध्येय असतें. हें ध्येय गांठावयाचें तर प्रत्येक ठिकाणची जाडी ठाऊक असावयास हवी.

फोडून पाहण्याची जुनी रीति

ती जाणण्याची जुनी रीति सरळ होती. तासातासाला सांच्यावरून कांहीं बाटल्या उचलावयाच्या, त्या हिऱ्याच्या चाकानें कापावयाच्या किंवा फोडावयाच्या, आणि तुकड्यांची जाडी मायक्रोमीटरनें मोजावयाची. या मापांत चूक होत नसे. परंतु रीतींतच एक मोठें वैगुण्य होतें. जी बाटली मोजली ती विकतां येत नसे, आणि जी विकली ती मोजलेली नसे. शितावरून भाताची परीक्षा करावयास हरकत नाहीं, कारण एका पातेल्यांतील सर्व शितें एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. यंत्रावर मात्र निरनिराळे सांचे असतात, प्रत्येकाची उष्णता निराळी असते, आणि दुपारीं चांगलें चाललेलें यंत्र मध्यरात्रीं बिघडतें. तेथें एका शितानें साऱ्या पातेल्याची ग्वाही कशी द्यावी?

यास्तव बाटली न फोडतां, आणि शक्य तर एकाच बाजूनें स्पर्श करून, तिची जाडी सांगेल असें कांहीं तरी साधन हवें होतें. तें ध्वनींत सांपडलें. पण ज्या ध्वनीनें माठ वाजतो त्या ध्वनींत नव्हे.

श्राव्यातीत ध्वनि

ध्वनि म्हणजे कंपन. माणसाच्या कानाला एका सेकंदांत सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं उतरते. त्या मर्यादेपलीकडील ध्वनीला श्राव्यातीत ध्वनि असें म्हणतात. कारखान्यांत त्यास अल्ट्रासॉनिक म्हणूनच ओळखतात. सृष्टींत हा ध्वनि नवा नाहीं. वटवाघूळ अंधारांत न धडकतां उडतें तें असा ध्वनि काढून व त्याचा प्रतिध्वनि ऐकून. वटवाघळाला डोळ्यांपेक्षां कानांची गरज अधिक असते, हें इटलींतील स्पालान्झानी यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें होतें. पण त्या ध्वनीचें रहस्य विसाव्या शतकांत १९३८ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रिफिन व त्याचे सहकारी यांनीं उलगडलें.

मनुष्यास हा ध्वनि निर्माण करण्याची किल्ली १८८० सालीं मिळाली. फ्रान्समध्यें झाक व पिएर क्यूरी या बंधूंस असें आढळलें कीं, क्वार्ट्जसारखे कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांच्या पृष्ठावर वीज प्रकट होते. पुढच्याच वर्षीं लिपमन यानें गणितानें असें भाकित केलें कीं, उलट वीज दिली तर स्फटिकाचा आकार किंचित् बदलला पाहिजे. आणि क्यूरी बंधूंनीं तें प्रयोगानें खरें करून दाखविलें. म्हणजे विजेचे झटके दिले कीं स्फटिक थरथरतो व ध्वनि काढतो. आणि परत येणारा ध्वनि त्यावर आदळला कीं तोच स्फटिक वीज देतो. एकाच वस्तूनें बोलावें आणि तिनेंच ऐकावें, असा हा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें अशा स्फटिकांच्या साह्यानें समुद्रांतील पाणबुड्यांचा मागोवा घेण्याचें साधन सिद्ध केलें. १९२८ च्या सुमारास लेनिनग्राड येथें सोकोलोव्ह यानें धातूंतील छुपे दोष या ध्वनीनें शोधण्याची कल्पना मांडली. आणि अमेरिकेंत फायरस्टोन यानें प्रतिध्वनि मोजून दोष दाखविणाऱ्या यंत्राचें पेटंट १९४२ सालीं मिळविलें. ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनीं अशाच कारखानी यंत्रावरून प्रेरणा घेऊन १९५८ सालीं गर्भाच्या तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. आज घरोघरीं ज्या सोनोग्राफीचें नांव निघतें तिचें मूळ अशा प्रकारें कारखान्यांत आहे.

या विषयाच्या इतिहासांत आपल्या देशाचेंहि स्थान आहे. श्राव्यातीत ध्वनि पारदर्शक पदार्थांतून जात असतां त्यावर पडणारा प्रकाश विभागून निरनिराळ्या दिशांस जातो, असें १९३२ सालीं युरोप-अमेरिकेंत आढळलें होतें. त्याची समाधानकारक उपपत्ति बंगलोर येथें चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनीं १९३५ पासून लिहिलेल्या निबंधांतून दिली, आणि ती आजहि त्या दोघांच्या नांवानें शिकविली जाते. १९३४ सालीं जर्मनींत शेफर आणि बर्गमन यांनीं असाच प्रकाश कांचेच्या ठोकळ्यांतून पाडून कांचेची लवचिकता मोजण्याची वाट दाखविली होती. तेव्हां कांच आणि न ऐकूं येणारा ध्वनि यांची सोयरीक आजकालची नव्हे.

प्रतिध्वनीची मोजणी

आतां मुख्य विषयाकडे वळूं. डोंगराच्या कड्यासमोर उभें राहून हांक मारली आणि दोन सेकंदांनीं प्रतिध्वनि आला, तर कडा किती दूर आहे हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. हवेंत ध्वनीची गति सेकंदास सुमारें ३४० मीटर. दोन सेकंदांत ६८० मीटर. जाण्यायेण्याचे दोन भाग केले कीं अंतर ३४० मीटर. कांचेची जाडी मोजण्याचें गणित तंतोतंत हेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें कडा अवघ्या दोन-तीन मिलिमीटरांवर आहे आणि ध्वनि अतिशय वेगानें धांवतो.

बाटल्यांच्या नेहमींच्या कांचेंत ध्वनीची गति सेकंदास सुमारें ५,७०० मीटर असते. पुणें ते मुंबई हा १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग आहे. तेवढें अंतर ध्वनि हवेंतून जावयास साडेनऊ मिनिटें लागतील. कांचेंतून तो सुमारें ३४ सेकंदांत पोहोंचेल. अशा वेगानें ३ मिलिमीटर भिंतीच्या पलीकडल्या पृष्ठापर्यंत जाऊन परत यावयास त्याला सेकंदाचा साधारण दहा लक्षावा भाग पुरतो. जाडींत एक शतांश मिलिमीटरचा फरक ओळखावयाचा तर सेकंदाचे शंभर कोटि भाग करून त्यांतील साडेतीन भाग मोजतां आले पाहिजेत. मनुष्याचें बोट घड्याळाच्या कळीवर पोहोंचण्यापूर्वीच असे लाखों प्रतिध्वनि येऊन गेलेले असतात. म्हणून हें काम विजेच्या घड्याळावांचून होणें नाहीं.

येथें चौकस वाचक विचारील कीं, साधा, ऐकूं येणारा ध्वनि कां नको? त्याचें कारण असें. सेकंदाला हजार कंपनांच्या ध्वनीची एकेक लाट कांचेंत ५ मीटर ७० सेंटिमीटर लांब असते. एवढ्या लांबीच्या लाटेनें तीन मिलिमीटर भिंत मोजणें म्हणजे वखारींतील तराजूवर केशर जोखण्यासारखें आहे. सेकंदाला एक कोटि कंपनें असलेला ध्वनि घेतला तर लाट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् मोठी राहते, आणि मग तिचा लहानसा झटका भिंतीच्या दोन बाजू स्पष्टपणें वेगळ्या दाखवूं शकतो.

दुसरी अडचण हवेची. कांचेंतून हवेंत किंवा हवेंतून कांचेंत जातांना या ध्वनीचा जवळजवळ सर्व भाग सीमेवरूनच मागें फिरतो; दहा हजारांत एखादा भाग पलीकडे गेला तर गेला. म्हणून स्फटिक आणि बाटली यांच्यामध्यें हवेचा पातळ पापुद्रा राहिला तरी ध्वनि आंत शिरत नाहीं. त्यासाठीं मध्यें पाण्याचा, तेलाचा किंवा ग्लिसरिनचा थेंब ठेवतात. पाण्यांतून कांचेंत साधारण तिसरा हिस्सा ध्वनि प्रवेश करतो आणि तेवढा पुरे होतो. सोनोग्राफीच्या वेळीं डॉक्टर पोटावर थंडगार लेप लावतात तो याच कारणासाठीं. हवेची ही आडकाठी एका परीनें उपकारकहि आहे. बाटलीच्या आंतील बाजूस हवाच असल्यामुळें तेथून ध्वनि जवळजवळ पूर्णपणें परत येतो व प्रतिध्वनि चांगला जोरकस मिळतो. या रीतीचा मोठा लाभ हा कीं, आंत हात किंवा हत्यार घालावें लागत नाहीं; अरुंद गळ्याच्या बाटलीचेंहि माप बाहेरूनच घेतां येतें.

कारखान्यांतील उपयोग

बाटल्या सांच्यांतून निघाल्यावर त्यांस सुमारें ५५० अंश उष्णतेपासून सावकाश निववावें लागतें, नाहीं तर कांचेंत ताण राहून ती पुढें आपोआप तडकते. निवलेल्या टोंकाला तपासणी होते. तेथें तपासनीस लेखणीएवढी एक कांडी बाटलीच्या खांद्यावर, पोटावर आणि बुडाजवळ टेंकवितो आणि पडद्यावर मिलिमीटरचा आंकडा उमटतो. बाटली फिरवीत ठेवून सर्व परिघाची जाडी टिपली कीं कोणत्या बाजूस कांच विरळ आहे याचा नकाशाच तयार होतो. प्रत्येक बाटलीच्या बुडाशीं सांच्याचा क्रमांक असतोच. त्या क्रमांकावरून विरळ कांच कोणत्या सांच्याची हें कळतें, आणि तेथील गोळ्याची उष्णता, पडण्याची जागा किंवा हवेचा झोत दुरुस्त करतां येतो. मोजण्याचा खरा उपयोग हा आहे. नुसती वाईट बाटली बाजूस काढणें हा त्याचा अर्धा भाग झाला.

औषधांच्या कुप्या ज्या नळ्यांपासून करतात त्यांची गोष्ट निराळी. डॅनर याच्या १९१७ च्या पद्धतीनें वितळलेली कांच एका तिरप्या, फिरत्या दांड्यावर सोडतात, दांड्याच्या पोकळींतून हवा देतात, आणि कांचेची अखंड नळी ओढून काढतात. ही नळी सारखी धांवत असते. तिला थांबवून मोजणें शक्य नाहीं. ती पुरेशी निवल्यावर पाण्याच्या साह्यानें चालत्या नळीचें माप घेतां येतें. भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ झाली तर पुढें तिची कुपी करतांना ज्योतीवर ती वांकडी वितळते. म्हणून कुपीची शुद्धता नळीपासूनच सांभाळावी लागते.

खिडक्यांच्या मोठ्या तावदानांतहि हें साधन उपयोगी पडतें. इंग्लंडांत पिल्किंग्टन यांच्या कारखान्यानें १९५९ सालीं अशी रीति जाहीर केली कीं, वितळलेली कांच वितळलेल्या कथलावर तरंगत सोडावयाची. त्यामुळें तिच्या दोन्ही बाजू घांसल्यावांचून आरशासारख्या होतात. अशा कांचेला आपोआप येणारी जाडी सुमारें ६ ते ७ मिलिमीटर असते. याहून पातळ हवी तर तिला ओढून ताणावें लागतें. एकदां तावदान भिंतींत बसलें किंवा मत्स्यालयाची पेटी पाण्यानें भरली, कीं मग मायक्रोमीटरचे दोन जबडे दोन्ही बाजूंस नेतां येत नाहींत. तेथें एकाच बाजूनें बोलणारा आणि ऐकणारा हा स्फटिक कामास येतो.

यंत्र कोठें फसतें?

कोणत्याहि साधनाची स्तुति करतांना त्याच्या मर्यादा सांगितल्या नाहींत तर ती जाहिरात होते. या यंत्राची पहिली मर्यादा उष्णता ही आहे. सांच्यांतून नुकतीच निघालेली कांच लाल असते. तिच्यावर पाणी टिकत नाहीं, आणि स्फटिकहि टिकत नाहीं. क्वार्ट्जची अंतर्रचना ५७३ अंशांस बदलते आणि दुसरीं द्रव्यें तर याहून पुष्कळ कमी उष्णतेस निकामी होतात. म्हणून तप्त कांचेची जाडी बहुधा स्पर्श न करतां प्रकाशकिरणांनीं मोजतात. कांचेच्या पुढच्या व मागच्या पृष्ठावरून परावर्तन पावलेल्या दोन किरणांतील अंतरावरून ती काढतां येते. कांहीं ठिकाणीं बाटलींत पोलादाची बारीक गोळी टाकून बाहेरच्या चुंबकापासून तिचें अंतर मोजण्याचीहि रीति आहे. ज्या जागीं जें साधन शोभेल तें वापरावें, हाच शहाणा नियम.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे, आणि ती ध्यानांत न घेतल्यास धोका आहे. यंत्र जाडी मोजत नाहीं. तें वेळ मोजतें. वेळेवरून जाडी काढण्यासाठीं कांचेंतील ध्वनीची गति त्याला आधींच सांगून ठेवावी लागते, आणि ही गति सर्व कांचांत सारखी नसते. बाटलीच्या कांचेंत ती सुमारें ५,७०० मीटर, तर शिसें मिसळलेल्या जड कांचेंत ती ४,००० मीटरच्या आसपास असते. बाटलीच्या कांचेसाठीं लावलेलें यंत्र अशा शिसेदार कांचेच्या ३ मिलिमीटर भिंतीवर टेंकविलें तर ध्वनि सावकाश येतो, आणि यंत्र निःशंकपणें सव्वाचार मिलिमीटर असा आंकडा दाखवितें. पातळ भिंत जाड म्हणून पास होते! तपासणीच नसती तर निदान मनांत संशय तरी राहिला असता. चुकीचा आंकडा तो संशयहि घालवितो. कांचेची उष्णता बदलली तरी गतींत थोडा फरक पडतो. यासाठीं ठाऊक जाडीचा, त्याच कांचेचा पायऱ्यांचा तुकडा जवळ ठेवून यंत्र वारंवार त्यावर तपासून घेण्याचा परिपाठ आहे. सोनाराच्या तराजूची परीक्षा जशी खऱ्या वजनानेंच होते, तसेंच हें आहे.

हाच दोष गुणाच्या बाजूनेंहि वापरतां येतो. जाडी मायक्रोमीटरनें अचूक मोजलेली असेल तर वेळेवरून उलट गति काढतां येते. कांचेंत सरळ दबावाची लाट आणि आडव्या कंपनाची लाट अशा दोन जाती धांवतात. दोहोंच्या गति व कांचेची घनता ठाऊक झाली कीं तिची लवचिकता किती हें गणितानें निघतें, आणि तेंहि नमुना न मोडतां. कांचेच्या घटकांत बदल झाला तर ही गति बदलते. त्यामुळें नव्या प्रकारची कांच सिद्ध करणाऱ्या प्रयोगशाळांस हें माप फार मोलाचें वाटतें.

तिसरी मर्यादा ही कीं, कांचेचे सर्वच दोष जाडीचे नसतात. आंत कोंडलेला ताण ध्रुवीकृत प्रकाशांत रंगीत पट्ट्यांच्या रूपानें दिसतो. बुडबुडे, न वितळलेले खडे आणि गळ्यावरचे बारीक तडे शोधावयास कॅमेरे व प्रकाशझोत लागतात. जाडी बरोबर आहे म्हणून बाटली निर्दोष आहे, असें समजणें म्हणजे नाडी ठीक आहे म्हणून रोग्यास घरीं धाडण्यासारखें होय.

लाभ कोणाचा?

एवढ्या खटाटोपाचें फळ काय? जेथें जाडीची खात्री नसते तेथें कारखानदार भीतीनें सर्वच कांच जाड ठेवतो. खात्री झाली कीं अनावश्यक भाग कमी करतां येतो. समजा, ४०० ग्रॅम वजनाची बाटली ३०० ग्रॅमांत तितकीच टिकाऊ झाली. एक लाख बाटल्यांमागें दहा टन कांच वांचली. ती वितळविण्याचें इंधन वांचलें. आणि ती मालगाडींतून नेण्याचें ओझेंहि वांचलें. परंतु हा लाभ सारखेपणाची हमी असेल तरच घ्यावा. मोजमाप न करतां केवळ काटकसरीसाठीं भिंत पातळ करणें म्हणजे कारखान्याची बचत गिऱ्हाइकाच्या हातावर लिहिणें होय. मापनाचें साधन आणि काटकसर यांतील हा संबंध आमच्या मतें या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट. यंत्र आंकडा देतें. निर्णय माणूसच करतो. मध्यरात्रीं पडद्यावर वाईट आंकडा दिसला असतां यंत्र थांबवून सांचा बदलण्याची हिंमत तपासनिसाला असली पाहिजे, आणि तसें केल्याबद्दल त्याला शाबासकी देणारा व्यवस्थापकहि असला पाहिजे. फुंकनळी फिरविणारा कारागीर आपल्या गोळ्याशीं जितका प्रामाणिक होता, तितकेंच या कांडीवाल्यानें आपल्या आंकड्याशीं प्रामाणिक राहिलें, तरच नव्या विद्येचा उपयोग.

कारखान्यांत झालेली परीक्षा घरच्या हयगयीनें फुकट जाऊं नये, म्हणून शेवटीं आमच्या भगिनींकरितां दोन शब्द. कांचेचें बळ तिच्या पृष्ठावर असतें. एक बारीक ओरखडाहि तें पुष्कळ कमी करतो. म्हणून जुन्या, ओरखडलेल्या सोड्याच्या बाटलींत फसफसणारें पेय पुन्हां भरूं नये, आणि भरलेली बाटली उन्हांत अगर चुलीजवळ ठेवूं नये. शीतकपाटांतून काढलेल्या बरणींत ऊन पदार्थ ओतूं नये. जाड पेल्यांत ऊन चहा ओतावयाचा असेल तर त्यांत आधीं धातूचा चमचा ठेवावा आणि चहा थोडा थोडा ओतावा. गळ्याला टवका गेलेली औषधाची बाटली, आंतील औषध कितीहि महाग असलें तरी, टाकून द्यावी. कांच वाळूची राख आणि घासण्याची तारेची जाळी यांनीं कधींहि घांसूं नये. एवढें केलें, तर कारखान्यांतून सारख्या जाडीची म्हणून निघालेली बाटली आपल्या घरींहि पुष्कळ दिवस सुखरूप राहील.